जांभ्यात पाणी गडप होतं, मग शोषखड्डा चालेल ना? (राजापूर तालुका)

परतवाट – १४ मे

नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या पठाराच्या, उतारावर आमची वाडी आहे. वडिलोपार्जित जागेतले सहा गुंठे माझ्या वाट्याला आले, तिथे दोन खोल्या आणि पडवीचं घर बांधतेय. जोतं झालंय, पावसाआधी छप्पर चढवायची घाई चालली आहे. अडलंय ते संडासाच्या टाकीपाशी.

जागा पाणंदीला समांतर लांबट आहे, ३० मीटर लांब आणि २० मीटर खोल. पाणंद वरच्या अंगाला. घर पश्चिमेच्या टोकाला, पूर्वेची बाजू मोकळी. घराच्या मागे खालच्या अंगाला गडगा (दगडी कुंपण) आणि गडग्यापलीकडे चुलत काकांची विहीर. गवंड्याने टाकी आणि शोषखड्डा मागीलदारी, गडग्याच्या अलीकडे आखलाय, कारण उतार तिकडेच. तिथून विहीर टेपने मोजली तर साडेअकरा मीटर भरली. काका म्हणतात, "माझ्या बावीत तुमची घाण नको." गवंडी म्हणतो, "ताई, जांभा आहे हा. कितीही ओता, गडप होतं. असा शोषखड्डा नशिबाने मिळतो." त्याने दाखवलंसुद्धा. दोन फुटी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, मी चहा गाळून आणेपर्यंत खड्डा कोरडा.

विहिरीचं पाणी आत्ता पाच परस (पाच पुरुष) खोल गेलंय. श्रावणात मात्र वाकून कळशी बुडवता येते, एवढं वर येतं.

तर, ही बादलीची परीक्षा पुरेशी आहे का? रीतसर चाचणी कशी करतात, कोण करून देतं? काकांच्या विहिरीला खरंच धोका आहे की हे नुसतं भाऊबंदकीतलं बोलणं, हे कसं ओळखायचं? आणि टाकीचा तळ काँक्रीटचा करूच नका असं गवंडी म्हणतो. "पाणी खालूनही जिरेल, टाकी लवकर भरायची नाही."

रेती_खडी – १४ मे

विहिरीपासून १८ मीटर, घरापासून ६ मीटर. आयएस २४७० मध्ये आहे (सेप्टिक टाक्यांचं भारतीय मानक). एवढं अंतर ठेवा आणि मोकळे व्हा. चाचण्या-बिचाचण्या मोठ्या स्कीमला करतात, दोन खोल्यांच्या घराला कोण करतंय? आमच्या भागात सगळ्यांचे शोषखड्डे जांभ्यातच आहेत, कुणी मेलेलं नाही.

तळ उघडा ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही, पुढे भिंत बसते.

निवृत्त_शाखा_अभियंता – १५ मे

ताई, गवंड्याने जो गुण म्हणून दाखवला तोच तुमच्या जागेचा दोष आहे.

आधी टाकीबद्दलचा एक गैरसमज काढतो. सेप्टिक टाकीत मैला शुद्ध होत नाही. जड भाग तळाला बसतो, तिथे कुजतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढच्या पाइपने बाहेर जातं. दिसायला ते बरं दिसतं, पण जंतू जवळजवळ तसेच असतात. खरी सफाई होते ती पुढे मातीत, आणि तीही माती ओलसर पण पाण्याने न भरलेली असेल तरच. कणांमध्ये हवा असते, पाणी हळूहळू झिरपतं, जंतू कणांना चिकटून राहतात आणि मरतात. त्याला वेळ लागतो. चहा गाळेपर्यंत जे पाणी गेलं त्याला हा वेळ मिळाला कुठे?

मग ते गेलं कुठे? जांभा आतून वारुळासारखा आहे, भोकं आणि नळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी पांढुरकी-पिवळी चिकट माती लागते, विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. जांभ्यातून सरळ खाली आलेलं पाणी त्या मातीवर अडतं आणि उताराच्या दिशेने आडवं सरकतं. उतारावरचे आपले झरे नेमके त्या सांध्यावर फुटतात आणि विहिरीही तिथेच खणलेल्या असतात. राजापूरकरांना जमिनीखालच्या पाण्याच्या वाटा मी काय सांगायच्या, मधूनच जमिनीतून फुटणारी गंगा तुमच्याच उन्हाळे गावात अवतरते. सांगायचं एवढंच की गवंड्याची बादली हवेत विरलेली नाही. ती काकांच्या दिशेने निघाली आहे.

रेती_खडी यांनी १८ मीटर सांगितले, आकडा बरोबर आहे. पण त्याच कोडात पुढे हेही आहे की चुनखडीच्या किंवा भेगाळ खडकात जमिनीत जिरवण्याची पद्धत शिफारसयोग्य नाही, कारण आतल्या पोकळ्यांतून घाण लांबवर जाऊ शकते. अंतराचा आकडा मातीसाठी आहे. भेगेत पाणी शिरलं की १८ काय आणि ३० काय. आणि "कुणी मेलं नाही" हे मी नोकरीत फार ऐकलं. जुलैत वाडीत जुलाब सुरू झाले की आपण ते पावसाच्या नव्या पाण्यावर ढकलतो, शोषखड्ड्याकडे कोण बघतो?

आता चाचणी. ती करून द्यायला कुणी यायची वाट बघू नका. पहार, टेप आणि घड्याळ असलं की झालं.

खड्डा १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचा, गोल किंवा चौकोनी, आणि पाणी प्रत्यक्षात जेवढ्या खोलीवर जिरवायचं तेवढाच खोल. पहारीने बाजू गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडायच्या, सुटी माती उपसून टाकायची, तळाला ५० मिमी जाडी रेती किंवा बारीक खडी पसरायची. मग खडीच्या वर ३०० मिमी पाणी भरायचं आणि निदान ४ तास, शक्यतो रात्रभर, तेवढं राखायचं. हे भिजवणं लोक गाळतात आणि तिथेच चाचणी वाया जाते, कारण कोरडी जमीन पहिल्यांदा भसाभस पिते. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५० मिमी पाणी ठेवून ३० मिनिटांत किती उतरलं ते मोजा. रात्रीत सगळं जिरून गेलं असेल तर पुन्हापुन्हा १५० मिमी भरत दर अर्ध्या तासाला मोजायचं, ४ तास, आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. १५० मिमी अर्ध्या तासाच्या आतच संपत असतील तर दर १० मिनिटांनी, तासभर. यावरून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. जमिनीचा वेग म्हणतात तो हाच.

३० मिनिटांपर्यंत असेल तर कोड शोषखड्डा किंवा पाणी जिरवायचा चर चालवून घेतो. ३० ते ६० असेल तर फक्त उथळ चर. ६० च्या पुढे जमिनीत जिरवायचा नाद सोडायचा. क्षेत्रफळ काढायला सोपं सूत्र आहे: २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागा, की एका चौरस मीटरला दिवसाला किती लिटर पचेल ते येतं. चराला तळाचं क्षेत्र धरायचं, शोषखड्ड्याला पाइपाखालच्या बाजूच्या भिंतींचं.

या सूत्रात तुमचा जांभा घातला तर एक मिनिटाच्या आत बसतो, म्हणजे २०४ लिटर. तक्त्यात पहिला नंबर! म्हणून नुसता तक्ता बघणाऱ्याला ही जागा उत्तम वाटेल. तक्ता पाणी जिरेल की नाही एवढंच सांगतो. गाळलं जाईल की नाही ते सांगत नाही.

त्यामुळे एकाच ठिकाणी न करता दोन-तीन जागी करा, आणि त्यातली एक पूर्वेच्या मोकळ्या बाजूला, वर पाणंदीकडे. सड्याच्या उतारावर कुठेकुठे तांबड्या मातीचे कप्पे असतात. ज्या जागी गवत दाट, भेंडी-वांगी बरी येतात, तिथे पहार मारून बघा. आपल्याला अशी जागा हवी आहे जिथे पाणी जिरेल, पण कुरकुरत जिरेल.

दुसरी गोष्ट पाण्याची पातळी, आणि ती मे महिन्यात कळणारच नाही. आत्ता विहीर पाच परस खाली आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जो काही तळ कराल त्याच्या खाली ऐन पावसातल्या सर्वात वरच्या पातळीपर्यंत २ मीटर तरी कोरडी जमीन राहिली पाहिजे, असं दोन खड्ड्यांच्या संडासांच्या नियमावलीत आहे आणि मी ते सगळ्यालाच लावतो. भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल तर २४७० सुद्धा चर जमिनीच्या वर, भरावात काढायला सांगतो. तेव्हा मापं ऑगस्टमध्ये. विहिरीत वजन बांधलेली दोरी सोडा, कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. आणि तुमच्या जागेत दोन ठिकाणी खोल खड्डे घेऊन पाणी कुठे उभं राहतं ते बघा. झाकून ठेवा, वाडीत पोरं आणि गुरं असतात.

टाकीचा तळ काँक्रीटचाच. उघड्या तळाची टाकी म्हणजे टाकीच नव्हे, तो वर स्लॅब टाकलेला खड्डा. शिवाय तुमच्याकडे टाक्या चिऱ्याच्या बांधतात. चिरा स्वतः पाणी पितो, त्यामुळे आतून पक्कं प्लास्टर हवं. वापरात आणण्याआधी पूर्ण भरून २४ तास भिजू द्या, मग पातळी खुणेवर टिकते का बघा.

एक शेवटचं, आणि हे आत्ताच करा. काम सुरू व्हायच्या आधी काकांच्या विहिरीचं पाणी तपासून ठेवा. पुढे काही झालं तर आधी काय होतं ते कागदावर असलं पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होतं. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच न्यायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. नायट्रेटही मागा. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ते उकळून जात नाही की टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जात नाही.

रॅलेतून – १६ मे

इथे नॉर्थ कॅरोलायनात शहराबाहेर घर घेताना आम्हाला हाच अनुभव आला. काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस आल्याशिवाय परवानगीच मिळाली नाही. मला वाटलं होतं तो पाणी ओतून बघेल. त्याने पाण्याला हातही लावला नाही. गिरमिटाने माती काढली, बोटांत चोळली, रंगांच्या पुस्तकाशी ताडून बघितली आणि राखाडी ठिपके कुठून सुरू होतात ते मोजलं. माती वर्षातले बरेच दिवस पाण्यात बुडून राहिली की तांबड्याचे राखाडी ठिपके होतात म्हणे, म्हणजे भर उन्हाळ्यातही पावसाळ्यातली पातळी वाचता येते. ताईंना ऑगस्टपर्यंत थांबायची गरज नाही, ठिपके बघा की!

निवृत्त_शाखा_अभियंता – १६ मे

पद्धत उत्तम आहे, आपल्याकडे गाळाच्या जमिनीत मी ती वापरलीही आहे. पण जांभ्यात फसवते. जांभ्याच्या खालचा थर जन्मतःच तांबडा, पिवळा, पांढरा असा चट्ट्यापट्ट्यांचा असतो. ते चट्टे फार जुन्या काळचे, यंदाच्या पावसाचे नव्हेत. त्यांच्यावरून पातळी काढाल तर कुठेही काढाल. कोकणात दोरी आणि ऑगस्ट.

काळी_माती_औसा – १८ मे

आमच्याकडं उलटी तऱ्हा. लातूरकडची काळी जमीन, मे महिन्यात हात जाईल एवढाल्या भेगा. ठेकेदारानं त्याच भेगाळ जमिनीत पाणी ओतून दाखवलं, घटाघटा गेलं. म्हणला, एक नंबर जागा. मृगाचा पाऊस पडला, माती फुगली, भेगा मिटल्या, आन शोषखड्डा तुडुंब. संडासातलं पाणी उलटं वर. त्यामुळं साहेब जे रात्रभर भिजवायचं म्हणतात ते काळ्या मातीत तर सोडूच नका. भिजवल्यावर आमच्या जागी काटा हालतच नव्हता.

मग आम्ही काळी माती फोडून खाली मुरमात गेलो. मुरूम मस्त पितो. पण आता वेगळीच काळजी. बोअर जवळ आहे आणि केसिंग मुरमापुरतंच घातलेलं, खाली उघडा खडक. मुरमातलं पाणी केसिंगच्या बाहेरून उतरत असंल तर? ताई, तुमच्याकडं कुणाची बोअर असंल तर तिचंही अंतर धरा, नुसत्या विहिरीचं नको.

निवृत्त_शाखा_अभियंता – १८ मे

भाऊ, काळजी रास्त आहे. बोअरच्या तोंडाशी केसिंगभोवती सिमेंटचा ओटा आणि निदान वरचे काही फूट सिमेंटने सीलबंद करून घ्या, आणि पाणी पावसाळ्यानंतर तपासा. वास आला नाही म्हणजे चांगलं असं धरू नका.

परतवाट – २ जून

उत्तरांसाठी खूप आभार. छप्पर चढलं. टाकीचं काम थांबवलं, गवंडी रुसलाय.

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे भिजवून चाचणी घेतली. मागीलदारी, जिथे गवंड्याने आखलंय तिथे, रात्रभर पाणी ठेवायचा प्रश्नच आला नाही. भरत राहिले आणि जात राहिलं. १५० मिमी दोन मिनिटांत. पूर्वेच्या बाजूला पाणंदीजवळ आईने सांगितलेल्या जागी (तिथे आजीचा भाजीचा वाफा होता म्हणे) पहार सहज गेली, जवळजवळ मीटरभर तांबडी माती आहे, मग जांभा. तिथे शेवटच्या अर्ध्या तासात ५० मिमी उतरलं. म्हणजे २५ ला १५ मिनिटं, बरोबर ना? तिथून विहीर तिरकी मोजली तर २५ मीटरच्या थोडी वर भरते.

माणसं एरवी आम्ही चारच. गणपतीत मात्र मुंबईची सगळी येतात, पंधरा तरी.

निवृत्त_शाखा_अभियंता – ३ जून

१५ मिनिटं बरोबर. म्हणजे चौरस मीटरला साधारण ५२ लिटर. आजीचा वाफा, तीच जागा!

गणपतीचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत, कारण आपल्याकडे हिशेब तिथेच चुकतात. वर्षातली सगळ्यात जास्त माणसं भाद्रपदात, आणि जमिनीतलं पाणीही तेव्हाच जवळजवळ सगळ्यात वर. चार माणसांवर आखलं तर वर्षभर चालेल आणि आरतीच्या वेळी उलटेल. फक्त संडासाचं पाणी धरू, माणशी ४० लिटर. चार माणसांचे १६० लिटर, त्याला ३ चौरस मीटर पुरतात. पंधरा माणसांचे ६०० लिटर, म्हणजे साडेअकरा. ६० सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असे दोन चर घेतले की १२ होतात. दोन्ही उताराला आडवे, पाणंदीला समांतर, एकमेकांपासून १.८ मीटरवर. घरापासून ६ मीटर सोडूनही तुमच्या ३० मीटरांत बसतात.

मोरीचं आणि भांड्यांचं पाणी यात मुळीच आणू नका, नाहीतर हिशेब दुपटीच्याही वर जाईल. ते वेगळं काढून माडाच्या आळ्यात नाहीतर केळींना द्या.

चराचा तळ खोल न्यायचा मोह टाळा. मीटरभरच माती आहे, तीच आपली गाळणी. तळ जमिनीत जेमतेम फूटभर, त्यावर खडी, खडीत सांधे मोकळे ठेवलेला पाइप, आणि वरून तांबड्या मातीचा भराव. गवत लावा, झाड नको. वरच्या अंगाला पाणंदीकडून येणारं पाणी तोडायला एक चर मारा आणि पागोळ्यांचं पाणीही तिकडे येऊ देऊ नका, नाहीतर जुलैत आकाशाचंच पाणी जिरवत बसाल.

अडचण एकच, उंची. संडासाचा ट्रॅप, टाकीच्या आत-बाहेरच्या पाइपांमधला ५० मिमीचा फरक आणि पाइपचा उतार हे सगळं जोत्याच्या उंचीत बसलं पाहिजे. संडास घराच्या पूर्वेच्या भिंतीला घ्या, पश्चिमेला नको. दोन फुटी जोतं असेल तर कसंबसं बसेल. गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी असतेच, आधी तिने मोजून घ्या. कुणी पंप सुचवला तर ऐकू नका. पावसात वीज जाते तेव्हा किती दिवसांनी येते हे तुम्हालाही माहीत आहे.

पण हे सगळं ऑगस्टच्या मापावर अवलंबून. तोवर चर खणू नका.

रेती_खडी – ३ जून

हे सगळं ठीक आहे साहेब, पण खर्च? शोषखड्डा एका दिवसात उरकतो.

निवृत्त_शाखा_अभियंता – ३ जून

२० मीटर चर, खडी, पाइप आणि दोन-तीन ट्रॉली माती. शोषखड्ड्यापेक्षा जास्त होतोच, नाही म्हणत नाही. पण विहीर नवी खणण्यापेक्षा कमी.

परतवाट – २१ ऑगस्ट

मापं घेतली. आठवडाभर धो धो लागला होता, उघडीप मिळताच गेले.

काकांच्या विहिरीत पाणी तिथल्या जमिनीपासून १.२ मीटरवर. मागीलदारी खणलेल्या खड्ड्यात १.४ मीटरवर पाणी उभं. म्हणजे गवंड्याचा शोषखड्डा झाला असता तर आत्ता निम्मा भूजलातच बुडालेला असता. आजीच्या वाफ्याजवळचा खड्डा आम्ही २.४ मीटरपर्यंत नेला, तो कोरडा. फक्त एका बाजूने जांभ्यातून थेंब थेंब येत होतं, तळाला साठलं नाही. जोतं सव्वादोन फूट आहे, नळीने बघितलं, गवंडी म्हणतो बसेल. हो, तो परत आला. खड्ड्यातलं पाणी स्वतः बघितल्यावर काही बोलला नाही.

पण आता भलताच पेच झालाय. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ती एचटूएसची बाटली होती (पाण्यात मैल्याचे जंतू असले तर काळी पडते ती), तिच्यात काकांच्या विहिरीचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काळी कुट्ट! आमची टाकी अजून कागदावरच आहे. मग आजूबाजूला बघितलं तर काकांचा स्वतःचा संडास विहिरीच्या वरच्या अंगाला, आठ मीटरवरसुद्धा नसेल, जुना, उघड्या तळाचा. आणि त्याच्या वर गोठा. हे त्यांना कोणी सांगायचं? मी सांगितलं तर म्हणतील आली शहाणी मुंबईहून.

काळी_माती_औसा – २१ ऑगस्ट

ताई, तुम्ही सांगूच नका. बाटली दाखवा. 😄

निवृत्त_शाखा_अभियंता – २२ ऑगस्ट

मापं छान आली. तळ फूटभर धरला तर खाली २ मीटरच्या थोडी वर कोरडी जमीन राहते. पुढे जायला हरकत नाही. जांभ्यातून थेंब येत होते ती बाजू कोणती ते बघून ठेवा आणि वरचा पाणी तोडायचा चर त्या बाजूला जरा लांबवा.

काळ्या बाटलीवरून एकदम काकांच्या संडासावर बोट ठेवू नका. ती बाटली पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची शंका दाखवते. ते संडासाचे की गोठ्याचे, हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली भरताना काकांना समोर उभं करा, झाकण त्यांच्या देखत लावा आणि चिठ्ठीवर नाव त्यांचंच घाला, म्हणजे अहवाल त्यांच्या हातात येईल. तुमच्याकडून गेला तर तो भाऊबंदकीचा कागद होतो.

तोवर विहिरीत टीसीएल टाकायला लावा, आणि ते त्याच जलसुरक्षकाकडून. १००० लिटरला ५ ग्रॅम असं प्रमाण आहे. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ७ मीटर खोल धरलं तर ५० हजार लिटर होतात, म्हणजे पाव किलो. पावडर ताजी हवी, उघड्या गोणीतली उडून गेलेली नको. बादलीत कालवून, निवळी वरून ओतायची, गाळ बाहेर टाकायचा. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची), पाणी पिवळं झालं पाहिजे. गणपतीला पंधरा माणसं त्याच विहिरीचं पिणार असतील तर त्याआधीच सुरू करा. संडासाचं काकांशी काय बोलायचं ते दिवाळीनंतर, अहवाल आल्यावर.